कोअर जरासा फिरतो आणि तिथेच अडतो: सिक्युरिटी पिनांच्या पॅडलॉकमधला फॉल्स सेट कसा सोडवायचा

पिकिंग म्हणजे चावीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद. त्यात साध्या पिनांची कुलपं उघडायला लागली की पुढची पायरी म्हणून सिक्युरिटी पिनांचं, म्हणजे उघडणाऱ्याला फसवणाऱ्या पिनांचं पॅडलॉक हातात येतं, आणि तिथून जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते. एकेक पिन बसत जाते, कोअर (चावीबरोबर फिरणारा आतला भाग) एकदम थोडासा फिरतो, आता उघडलंच असं वाटतं आणि पुढे काहीच होत नाही. पिना उचलायचा हुक फिरवून पाहावा तर सगळ्या पिना बसल्यासारख्या लागतात. ताण वाढवला की आतलं सगळं आवळून जातं, ताण सोडला की सगळ्या पिना धडाधड खाली. पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा त्याच जागी.

माझं ठाम मत आहे की या अडचणीचं मूळ बहुतेक वेळा हुक धरलेल्या हातात नसतं, टेन्शनर, म्हणजे कोअरला फिरवण्याचा ताण देणारं हत्यार, धरलेल्या हातात असतं. लोक नवे हुक विकत घेत राहतात, पण दोष दुसऱ्याच हातात राहतो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्याचा बराचसा भाग ताण देणाऱ्या हाताबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच. कुलूप तुमच्या स्वतःच्या मालकीचं हवं, आणि ते कुठेही वापरात असता कामा नये. पहिली अट का, हे सांगायची गरज नाही. दुसरी अट छंदातल्या नव्या लोकांना जाचक वाटते, पण ती तितकीच महत्त्वाची आहे: पिकिंगमध्ये पिनांच्या कडा झिजतात, स्प्रिंग वाकू शकते, आणि मग ऐन वेळी स्वतःच्याच चावीने कुलूप उघडत नाही. सरावाचं कुलूप सरावालाच ठेवा. हत्यारं जवळ बाळगण्याचे नियमही जागोजागी वेगळे आहेत, तेवढे आपल्या ठिकाणचे पाहून घ्या.

आत नेमकं काय घडतं

प्रत्येक कप्प्यात चावीला टेकणारी की पिन, तिच्या डोक्यावर ड्रायव्हर पिन आणि त्यावर स्प्रिंग. दोन पिनांमधला सांधा कोअर आणि बॉडी (कोअरभोवतीचा स्थिर भाग) यांच्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर आला की तो कप्पा मोकळा. कप्प्यांची भोकं कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. म्हणून कोअरला ताण दिला की एका वेळी एखादीच पिन आवळली जाते, ती बसवली की दुसरी आवळते. पिकिंग शक्य होतं ते या बारीक फरकामुळेच.

साध्या ड्रायव्हर पिनच्या बाजू सरळ असतात. स्पूल पिनची कंबर कोरलेली असते आणि दोन्ही टोकांना जाड कड ठेवलेली असते. ताण देऊन ती उचलली की कंबर शिअर लाइनवर येते, कोअरला अचानक जागा मिळते आणि तो काही अंश फिरतो. पण पिनची खालची कड अजून कोअरमध्येच असते. पिन तिरकी होऊन अडकलेली असते. हाच फॉल्स सेट. आता ती कड शिअर लाइनच्या पलीकडे न्यायची तर पिन सरळ व्हायला हवी, आणि पिन सरळ होताना कोअर उलट दिशेने फिरणारच. दुसरी वाट नाही. या उलट फिरण्यालाच काउंटर-रोटेशन म्हणतात, आणि जो हात कोअर घट्ट धरून ठेवतो तो स्वतःच स्पूलला बसू देत नाही.

सेरेटेड पिनचं वेगळं. तिच्या अंगावर बारीक खाचा असतात. प्रत्येक खाच शिअर लाइनच्या कडेवर अडते आणि पिन बसल्याचा खोटा क्लिक देते. कोअर मात्र फिरत नाही, किंवा जेमतेम हलतो.

ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाच्या कुलपांत पिना नव्हत्या, सरकत्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावर 1817 मध्ये खोट्या खाचा घातल्या गेल्या, त्या ब्रामाच्याच कारखान्यातल्या रसेल नावाच्या माणसाने सुचवल्या होत्या. पट्टी खोट्या खाचेत अडकली की उघडणाऱ्याला ती बसली असंच वाटायचं. आजची सेरेटेड पिन नेमकं तेच काम करते.

कुलूप कोणतं आहे हेही लक्षात घ्या. मास्टर लॉक 140 मध्ये चारच कप्पे आणि स्पूल पिना, त्यामुळे फॉल्स सेट शिकायला ते उत्तम. अबस 72/40 मध्ये 6 कप्पे आणि स्पूल. अमेरिकन लॉक 1100 मालिकेत साधारणपणे 5 कप्पे, पण ड्रायव्हर पिना स्पूल आणि सेरेटेड, शिवाय की पिनांवरही खाचा. पहिल्या दोघांवरून थेट तिसऱ्यावर गेलात तर जुन्या सवयी अपुऱ्या पडतात, ते पुढे येईलच.

कोअर फिरलाय, पण कोणती पिन बाकी आहे तेच कळत नाही

फॉल्स सेट लागल्यावर पहिलं काम म्हणजे थांबणं. कोअर फिरला ही चांगली खबर आहे: आत किमान एक स्पूल आहे, आणि तिच्याआधी आवळणाऱ्या पिना बहुधा बसल्या आहेत. आता प्रत्येक पिनला हुकने हलकेच स्पर्श करा, उचलू नका. स्प्रिंगसारखी लवचीक लागली तर ती पिन अजून आवळलेली नाही. जराशी खुळखुळली पण तिच्यामागे स्प्रिंगचा दाब जाणवला नाही तर ती बसलेली आहे, कारण ड्रायव्हर वर अडकून राहिलाय आणि की पिन मोकळी आहे. दगडासारखी घट्ट लागली तर ती आवळलेली आहे किंवा प्रमाणाबाहेर वर गेली आहे. आणि जिला दाबताच टेन्शनर तुमच्या बोटावर मागे रेटतो, ती तुमची स्पूल.

हे मागे रेटणं काही वेळा इतकं सूक्ष्म असतं की बोटाला कळत नाही. तेव्हा डोळ्यांची मदत घ्या. लांब दांड्याचा टेन्शनर लावा आणि त्याच्या टोकाजवळ, कुलूप ज्यात धरलंय त्या शिकंज्यावर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारा. कोअर 2 अंश फिरला तर 8 सेंटिमीटर लांबीच्या दांड्याचं टोक जवळपास 3 मिलिमीटर सरकतं, आणि तेवढं सहज दिसतं. एकेक पिन दाबत जा आणि नजर त्या रेघेवर ठेवा. ज्या पिनला टोक मागे येईल तिथे थांबा. काही दिवस असं पाहून केलं की बोटालाही ते कळायला लागतं, मग रेघेची गरज उरत नाही.

कुठलीच पिन टेन्शनर मागे रेटत नसेल तर तीन शक्यता. ताण इतका जास्त आहे की पिनचा जोर बोटापर्यंत पोचतच नाही. किंवा टेन्शनर बॉडीला घासतोय. किंवा एखादी पिन जास्त वर गेली आहे. याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोन गोष्टी बघायला क्षणभर लागतो आणि तिसरीत बसलेल्या पिना गमावण्याचा धोका असतो.

टेन्शनर घासण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. टेन्शनरचं पातं फक्त कोअरला टेकलेलं हवं. ते चावीच्या फटीच्या बाहेर येऊन बॉडीच्या कडेवर चढलं असेल तर कोअर मागे येताना घर्षण आड येतं आणि काउंटर-रोटेशन मरून जातं. फटीच्या पिनांकडच्या टोकाला बसणारा चपटा टेन्शनर मला सिक्युरिटी पिनांसाठी जास्त आवडतो, त्याने हुकला जागा मोकळी मिळते. पण त्याचं पातं जास्त लांब असेल तर ते पहिल्या पिनखाली शिरतं, आणि मग ती पिन कितीही प्रयत्न केला तरी योग्य उंचीवर राहत नाही. पहिलीच पिन रोज त्रास देत असेल तर आधी पात्याची लांबी बघा, कानशीने थोडी कमी करा. पातं फटीत डगडगत असेल तर तेही वाईट: डगडग म्हणजे कोअरची हालचाल समजून फसायला जागा.

स्पूल सापडते, पण ती उचलली की बाकीच्या पिना पडतात

हीच खरी अडचण, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

कोअर मागे फिरला की आधी बसलेल्या पिनांना धरून ठेवणारी कडही मागे सरकते. ज्या पिना जेमतेम कडेवर टेकल्या होत्या त्या खाली येतात. काही प्रमाणात हे होणारच. पण सगळ्या पडत असतील तर कारण एकच: कोअर पिनने मागे ढकलला नाही, तुम्ही तो सोडून दिलात. या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात, हाताला मात्र पूर्ण वेगळ्या असतात.

असं करून पाहा. टेन्शनरच्या टोकावर तर्जनीचं फक्त पेर ठेवा, बाकीची बोटं बाजूला. नखाखालची जागा पांढरी पडलेली दिसली तर ताण आधीच जास्त आहे. हुकने स्पूलवर दाब द्या आणि तो दाब तसाच धरून ठेवा. पिन हलणार नाही. आता बोटावरचा ताण अगदी सावकाश कमी करत जा, हुकचा दाब मात्र तितकाच. एका क्षणी हुकचा जोर ताणापेक्षा किंचित वरचढ ठरतो आणि पिन सरकायला लागते. त्या क्षणी ताण कमी करणं थांबवा. यापुढे बोट मागे जाईल ते पिन ढकलते म्हणून, तुम्ही नेता म्हणून नव्हे. बोट विरोध करत राहतं आणि हरत राहतं. खालची कड शिअर लाइन ओलांडते तेव्हा हुकला स्पष्ट टक्क जाणवतं, बोटावरचा रेटा एकदम संपतो आणि कोअर स्वतःहून पुढे येतो.

यात घाई केली की नुकसान दोन्हीकडून होतं. हुकचा जोर वाढवून पिन ढकलली तर ती कड ओलांडून पुढेच जाते आणि की पिन शिअर लाइनमध्ये घुसते. ताण पटकन सोडला तर बाकीच्या पिना पडतात. म्हणून जोर वाढवायचा नाही, विरोध कमी करायचा. हे वाक्य सरावाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

एवढं सांभाळूनही एक-दोन पिना पडल्या तर ताण शून्यावर नेऊ नका. जी स्पूल तुम्ही आत्ता बसवली ती बसलेलीच आहे, तिचं काम झालंय. कोअर मागे आलेला दिसतो म्हणून सगळं गेलं असं वाटतं आणि लोक वैतागून टेन्शनर सोडून देतात. त्याऐवजी त्याच हलक्या ताणात पडलेल्या पिना शोधा. त्या बहुतेक वेळा शिअर लाइनवर काठावर बसलेल्या पिना असतात. त्या परत बसल्या की कोअर आधीपेक्षा थोडा जास्त फिरतो. तो जास्तीचा अंश म्हणजे तुम्ही पुढे गेल्याची खूण, आणि पेन्सिलीची रेघ असेल तर ती डोळ्यांनाही दिसते.

क्लिक भरपूर, कोअर ढिम्म

सेरेटेड पिना. इथे स्पूलची रीत चालत नाही, कारण कोअर मागे रेटणारी मोठी कडच नाही. एखादी पिन क्लिक देते, तुम्ही पुढच्या पिनकडे जाता, तीही क्लिक देते, आणि सगळ्या पिना खोट्या खाचांवर टांगलेल्या राहतात.

क्लिक हा पुरावा मानायचा नाही, एवढी एक सवय लागली तरी बरंच काम होतं. क्लिकनंतर पिन हुकने हळूच हलवा. खरी बसलेली पिन खुळखुळते. खाचेवर अडलेली घट्ट लागते, आणि जरा जास्त दाबली की पुढचा क्लिक देते. ताण शक्य तितका हलका ठेवा. जड ताणात प्रत्येक खाच घट्ट चावते, हलक्या ताणात पिन खाचांवरून घसरत जाते. एका पिनला एकच क्लिक द्या, मग सगळ्या पिना पुन्हा तपासा, आणि आता जी आवळलेली असेल तिच्याकडे जा. एकाच पिनच्या मागे लागून तिला सलग क्लिक देत राहिलात तर ती खऱ्या जागेवरून पुढे निघून जाते, आणि की पिनांवरही खाचा असलेल्या कुलपात ती तिथेही आरामात अडकून बसते. अमेरिकन 1100 लोकांना दमवतं ते यामुळे: योग्य उंचीच्या खालीही क्लिक, वरही क्लिक.

पिन जास्त वर गेली असेल तर

सगळ्या पिना बसल्यासारख्या, त्यांतली एक दगडासारखी आणि काउंटर-रोटेशन कुठेच नाही, म्हणजे ओव्हरसेट. सगळं सोडायची गरज नाही. ताण कणाकणाने कमी करा, कुलूप कानाजवळ धरून. एक पिन पडल्याचा आवाज आला की थांबा, ताण परत द्या आणि कोणती पडली ते पाहा. बऱ्याचदा ओव्हरसेट पिन याच वेळी खाली येते आणि बाकीच्या राहतात. आली नाही तर अजून एक आवाज होईपर्यंत जा.

एकच पिन वारंवार ओव्हरसेट होत असेल तर तुमची स्वतःची चावी समोर ठेवून पाहा. मागच्या पिनखाली चावीची उंची जास्त आणि तिच्या पुढच्या पिनखाली कमी, असा चढ असेल तर मागची उचलताना हुकचा दांडा पुढच्या पिनला नकळत वर ढकलतो. तिथे थोडा उंच टोकाचा हुक लागतो. हुक बदलायचं खरं कारण हे, आणि असं कारण सापडलं तरच बदला. पात्याची जाडीही पाहा: अरुंद फटीत 0.6 मिलिमीटरचा हुक भिंतींना घासत असेल तर 0.4 च्या आसपासचा वापरा, कारण घासणाऱ्या हुकमधून क्लिक आणि खरखर यांतला फरक कळत नाही.

पॅडलॉकच्याच काही खोडी

काही पॅडलॉकमध्ये कोअर मूळ जागी परत आणणारी स्प्रिंग असते. चावी फिरवून सोडली की ती आपोआप परत येते, त्यावरून ओळखता येतं. अशा कुलपात ताणाचा काही भाग त्या स्प्रिंगलाच खर्ची पडतो आणि काउंटर-रोटेशनचा रेटा स्प्रिंगच्या रेट्यात मिसळतो. उपाय: पिना न उचलता आधी फक्त टेन्शनर लावून स्प्रिंगचा जोर किती आहे तो बोटाला ओळखीचा करून घ्या, आणि मग त्यावर जो हलका ताण द्यायचा तो द्या.

कुलूप हातात धरून दोन हत्यारं चालवणं फार अवघड. कडी शिकंज्यात धरा, जबड्यांना रबर लावा, फट तुमच्याकडे. ताण देणाऱ्या बोटाला कुलूप सांभाळायचं दुसरं काम असेल तर त्याला सूक्ष्म रेटा कळणार नाही.

जुनं, मातीने भरलेलं कुलूप असेल तर आधी स्वच्छ करून हलकं तेल द्या. घाणीत चिकटलेली पिन बसलेल्या पिनसारखीच लागते आणि तासन् तास वाया जातात.

तरीही जमत नसेल

मग कुलूप उघडून आत बघायचं. कोअर काढता येण्याजोगं पॅडलॉक असेल तर हा उपाय सगळ्यांत भरवशाचा, आणि माझ्या मते लोक याकडे फार उशिरा वळतात. अमेरिकन 1100 मध्ये कडी उघडल्यावर कडीच्या भोकात स्क्रू दिसतो, तो काढला की सिलिंडर बाहेर येतो. चावी लावून कोअर फिरवा आणि कोअरच्याच जाडीची एक गोल दांडी मागून सरकवत तो बाहेर काढा, म्हणजे ड्रायव्हर आणि स्प्रिंगा उडत नाहीत. प्रत्येक पिन कप्प्याच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा, वेगळ्या कप्प्यात गेली की चावी चालणार नाही.

आता दोनच कप्पे भरा: एक साधी पिन, एक स्पूल. ते उघडा. स्पूल दुसऱ्या जागी हलवा, पुन्हा उघडा. मग तीन कप्पे, दोन स्पूल. नंतर एक सेरेटेड. आत काय आहे हे माहीत असताना बोटाला जे जाणवतं ते पक्कं लक्षात राहतं. पूर्ण भरलेल्या कुलपाशी झगडत बसण्यापेक्षा असा कप्प्याकप्प्याने केलेला सराव कितीतरी पुढे नेतो.

एकदा उघडलं, परत उघडत नाही

हेही वारंवार ऐकू येतं. उघडल्यावर लगेच वही घ्या आणि लिहा: कोणती पिन आधी आवळली, कोणती नंतर, कोणत्या पिनला टेन्शनर मागे आला, ताण कोणत्या दिशेने होता. दिशा विसरू नका, ती बदलली की आवळण्याचा क्रमही बदलतो. ताण जड-हलका झाला तरी जवळजवळच्या दोन पिनांची अदलाबदल होऊ शकते. पुढच्या वेळी वहीतला क्रम जुळला तर तुमचं वाचन बरोबर आहे. तिसरी पिन आज आधी आली आणि काल शेवटी आली होती, तर दोन्हीपैकी एका दिवशी ताण वेगळा होता किंवा खोटा क्लिक खरा मानला गेला होता. तेवढी एकच पिन घेऊन बसा, बाकीच्यांना हात लावू नका, आणि ती कधी खुळखुळते, कधी घट्ट लागते ते ताण बदलत बदलत पाहा.